क्रोमची कड

रस्त्याची कड हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. तंत्रनिकेतनात मी बरीच वर्षं रस्तेबांधणी शिकवली आणि मुलांचं लक्ष सगळ्यात आधी कुठे उडत असेल तर ते कर्बच्या, म्हणजे रस्त्याच्या कडेला बसवलेल्या दगडी काठाच्या, धड्याला. खडीचे थर, डांबराचं तापमान, रोलरच्या फेऱ्या, हे सगळं त्यांना काम वाटायचं. कडेला दगडांची एक ओळ लावायची, त्यात शिकायचं काय? पण रस्ता अनेकदा कडेपासूनच बिघडायला लागतो. पाणी कडेने शिरतं, कड ढासळते आणि मग खड्डा आत सरकत येतो.

कर्बचे ढोबळ प्रकार तीन. एक बुटका, साधारण १० सेंटिमीटरचा, ज्याच्यावर अडचणीच्या वेळी गाडी चढू शकते. दुसरा १५ सेंटिमीटरच्या आसपासचा. तिसरा २० सेंटिमीटरचा, गाडीला अडवणारा. पण यातला कुठलाही नीट घडवलेला कर्ब रस्त्याच्या बाजूने सहसा अगदी उभा नसतो. तो थोडा मागे कललेला असतो. त्या कलाचा उपयोग असा, की चाक फार जवळ आलं तर आधी टायरचं रबर टेकतं आणि दगडाची वरची धार रिमपासून लांब राहते. कागदावर ही चार बोटांची तिरकी रेघ असते. प्रत्यक्षात तिच्यावर बरंच काही अवलंबून असतं.

आमच्या नागपुरात गेल्या काही वर्षांत वस्त्यांमधल्या आतल्या गल्ल्यांपर्यंत सिमेंटचे रस्ते आले. पावसाळ्यातले खड्डे त्यामुळे कमी झाले, हे मी मनापासून मानते. मात्र जुन्या रस्त्यावर नवा जाड थर चढला आणि कडेची पातळी अनेक ठिकाणी जुळवायची राहून गेली. कुठे स्लॅब संपतो आणि बाजूचे गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, वीतभर खाली असतात. कुठे दुभाजकाचे तयार ठोकळे आणून नुसते ठेवलेले असतात, उभ्या चेहऱ्याचे, कोपरे तुटलेले, मधूनच गजाचं टोक बाहेर आलेलं. त्यांच्यावर काळे-पिवळे पट्टे मारलेले असतात, पण पट्ट्यांनी धार बोथट होत नाही.

धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकाजवळ अशाच एका ठोकळ्याला आमची काँटेसा घासली. गाडी माझा भाचा चालवत होता. ती मुळात दादाची, म्हणजे त्याच्या वडिलांची. दादा पुण्याला गेला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला. हिंदुस्तान मोटर्सने काँटेसा २००२ मध्ये बंद केली. दादाने त्याच्या काही वर्षं आधी तिला क्रोमचा मुलामा दिलेली अलॉय व्हील्स, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं, बसवून घेतली होती, आणि दर रविवारी तो ती फडक्याने पुसत बसायचा. त्या नमुन्याची रिम आता नवी मिळत नाही. म्हणून हा सगळा प्रपंच. आजची गाडी असती तर एक रिम बदलून मोकळे झालो असतो.

आवाज ओळखीचा होता. आधी रबराचा घसारा, मग दगडावर धातूचा करकराट, तोही क्षणभरच. भाच्याने गाडी थांबवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्या, घासली वाटते."

त्याचा फार दोष होता असं मला वाटत नाही. गाडी डावीकडे वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आतून जातं. लांब गाडी आणि घट्ट वळण असेल तर दोन्ही चाकांच्या वाटांत अर्ध्या मीटरहून जास्त अंतर पडतं. काँटेसा साडेचार मीटरहून लांब. आपण डावीकडून चालतो आणि चालक उजवीकडे बसतो, म्हणजे जी बाजू कर्बला लागायची तीच चालकापासून सगळ्यात दूर. पुढचं चाक सुखरूप निघालं की माणसाला वाटतं झालं, सुटलो. आणि मागचं डावं चाक जाऊन टेकतं. शिकणाऱ्या प्रत्येकाला हे जमिनीवर खडूने काढून दाखवावं, असं मला नेहमी वाटतं. डावा आरसा थोडा खाली वळवून मागचं चाक दिसेल असा ठेवला तरी निम्म्या रिमा वाचतील.

खाली उतरून पाहिलं. रिमच्या ओठावर वीतभर लांबीची जखम होती. मधल्या भागात ॲल्युमिनियम उघडं पडलं होतं, राखाडी, खरखरीत, दगडाच्या कणांनी ओरखडलेलं. दोन्ही टोकांना क्रोमचा पापुद्रा उचलला होता आणि एका टोकाला तो इतका तीक्ष्ण होता की भाच्याने बोट फिरवल्याबरोबर रक्त आलं. बाकीची सगळी रिम मात्र तशीच लखलखीत, समोरच्या दुकानाची पाटी तिच्यात उलटी दिसत होती.

लगेच घरी जायचं नाही, टायरवाल्याकडे जायचं, हे मी तिथेच ठरवलं. इथे बहुतेक लोक उलटं करतात. चकाकी गेल्याचं दुःख डोळ्यांना दिसतं, म्हणून आधी पॉलिशवाला शोधतात आणि त्याच चाकावर समृद्धी महामार्गाला लागतात. आमच्या टायरवाल्याने गाडी जॅकवर घेतली आणि म्हणाला, "ताई, चकाकीचं मंग पाहू. पहिले टायर पाहू द्या." मला फार बरं वाटलं.

त्याने काय काय पाहिलं ते सांगते, कारण हे कुणाच्याही उपयोगाचं आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर तळहात फिरवून कुठे फुगवटा आहे का ते पाहिलं. रबराच्या आत दोऱ्यांचे थर असतात. कर्बच्या दणक्याने ते तुटले की तिथे हवा आतून ढकलते आणि टायरला टेंगूळ येतं. असं टायर दुरुस्त होत नाही, त्याला पॅच चालत नाही, ते काढूनच टाकायचं. फुगवटा कधी कधी लगेच दिसत नाही, थोडं अंतर चालल्यावर येतो, म्हणून पुढचे काही दिवस रोज बघत राहायचं. मग रिमचा ओठ, जिथे टायर धरून बसतं, तिथे साबणाचं पाणी सोडून बुडबुडे येतात का ते पाहिलं. मग चाक उतरवून मागची, आतली बाजू उजेडात धरली, कारण अलॉयला केसाएवढी चीर गेली तर ती बहुधा आतून आधी दिसते. शेवटी बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून रिम डोलते का ते पाहिलं. पोलादी रिम वाकली तर ठोकून सरळ करता येते. अलॉयला चीर गेली की वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण मी त्या वाटेला जाणार नाही आणि कुणी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या धातूला कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन ताकद आणलेली असते, त्याला गल्लीतल्या ज्योतीने तापवून पुन्हा रस्त्यावर आणायचं नसतं.

सुदैवाने टायर शाबूत होतं, रिम सरळ होती. जखम वरचीच होती. टायरवाल्याने बॅलन्सिंगची वजनंही ठोकायची न लावता आतल्या बाजूला चिकटवायची लावली. ठोकायच्या वजनाची पकड क्रोमच्या कडेला चिमटा काढते आणि तिथूनच पुढे गंज धरतो. या माणसाला कड कळत होती.

आता क्रोमचं.

लहानपणी नागपूरच्या महाल भागात आमच्या वाड्याच्या दारात कल्हईवाला बसायचा. पितळेचं पातेलं निखाऱ्यावर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवायचं. धूर निघून गेला की आतून पातेलं पांढरंशुभ्र. एका कोपऱ्यात कल्हई उडाली असेल तर तेवढ्या कोपऱ्यातही तो हात मारून द्यायचा. कथील २३२ अंशांना वितळतं, जुन्या कथलात नवं सहज मिसळतं. क्रोमियमला वितळायला १९०० अंशांच्या वर जावं लागतं. ते असं पुसून लावता येत नाही. विजेच्या प्रवाहाने, टाकीत बुडवून, अणूअणूने चढवावं लागतं, आणि चढवायचं तर अख्ख्या रिमवर.

त्यातही आपण ज्याला क्रोम म्हणून वाखाणतो ती मुळात बरीचशी निकलची चमक असते. ॲल्युमिनियमची रिम आधी स्वच्छ करून जस्ताच्या द्रावणात बुडवतात, कारण ॲल्युमिनियम हवेत क्षणात ऑक्साइडचा थर धरतं आणि त्या थरावर दुसरा धातू पकड घेत नाही. मग तांबं, मग निकल, आणि सगळ्यात वर क्रोमियम. निकलचा थर वीस-तीस मायक्रॉन किंवा त्याहून जाड. क्रोमियमचा फक्त पाव ते अर्धा मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. एवढासा थर दादाने इतकी वर्षं पुसला आणि तो टिकला, कारण क्रोमियम अतिशय कठीण असतं आणि त्याच्यावर स्वतःचा एक न दिसणारा ऑक्साइडचा थर कायम असतो. निकल मळतं, पिवळसर पडतं. क्रोमियम त्याला झाकून ती निळसर थंड झाक देतं.

म्हणूनच पॉलिश मारून ही जखम जाणार नव्हती. घासत गेलं तर क्रोम पहिल्याच हातात निघून जातं, खाली निकल लागतं, मग तांबं, आणि वीतभर जखमेची हातभर होते. एका दुकानात "सिल्व्हर मारून देतो, कळणार पण नाही" असं सांगितलं. कळतं. रंगातल्या चांदीला कण असतात, ते उजेड विखुरतात. क्रोम आरशासारखा परत पाठवतं. शिवाय गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही आणि तो धरावा म्हणून चांगला भाग खरवडायचा, हे माझ्या मनाला पटेना.

खरा धोका वेगळाच होता. ॲल्युमिनियम आणि निकल एकमेकांना चिकटून असतील आणि तिथे पाणी शिरलं, तर दोघांत एक बारीकशी बॅटरी तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. पांढरी भुकटी दिसू लागते. ती भुकटी जागा मागते, पापुद्र्याला आतून उचलते, आणखी पाणी शिरतं. जखम वरून तेवढीच दिसते आणि आत मात्र पसरत जाते. घासलेली रिम पाहून लोक म्हणतात, राहू दे, काय होतं. उन्हाळाभर काही होतही नाही. नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा, कोरडा. पण जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कडेवरचं काम सुरू होतं. आमच्या हातात काही आठवडे होते.

रिप्लेटिंगची, म्हणजे रिमवर पुन्हा क्रोम चढवून घेण्याची, चौकशी करायला आम्ही हिंगणा एमआयडीसीकडे गेलो. छोटंसं शेड, दारातच ॲसिडचा वास, आत ओळीने टाक्या. एका टाकीत गडद नारिंगी-तांबडं पाणी आणि त्यावर सतत बारीक बुडबुडे. मालकाने आमची रिम हातात घेऊन उजेडाकडे फिरवली आणि विचारलं, "ताई, एवढ्याशा खरचटीपायी अख्खी रिम ॲसिडात टाकाची का?" मग त्याने सगळा क्रम समजावला. जुने थर उतरवायचे म्हणजे स्ट्रिपिंग. मग ओठावर भराव करून बफिंग, म्हणजे घासून गुळगुळीत करणं. मग तांबं जाड चढवून पुन्हा बफिंग, म्हणजे ओरखडा भरून निघेल. मग निकल, मग क्रोम. आणि एवढं करून ही एक रिम बाकीच्या तिघींपेक्षा नवी दिसणार, म्हणजे चारही करा. भाचा खूश झाला होता. त्याला चारही हव्या होत्या.

माझं लक्ष त्या नारिंगी टाकीवर होतं. तो क्रोमिक ॲसिडचा रंग, सहा संयुजेच्या क्रोमियमचा, म्हणजे त्याच्या विषारी रूपाचा. या टाकीत वीज सोडली की तिचा मोठा भाग क्रोम चढवण्यात खर्च होत नाही, हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो. हे बुडबुडे फुटताना ॲसिडचं धुकं उडतं आणि टाकीवर वाकलेल्या माणसाच्या नाकात जातं. प्लेटिंगच्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात फार जुन्या आहेत. सहा संयुजेचं क्रोमियम माणसात कर्करोग करतं, हे आता वादाचं राहिलेलं नाही. युरोपात २०१७ पासून विशेष परवानगीशिवाय ते वापरता येत नाही.

या मालकाकडे मात्र मी जे पाहिलं त्याने त्याच्याबद्दल आदर वाटला. शेडच्या मागे त्याचं सांडपाण्याचं पिंप होतं. त्याने आम्हाला तिथे नेलं आणि पाण्यात आधी ॲसिड आणि मग पांढरी पूड, मेटाबायसल्फाइट, टाकून दाखवलं. पिवळं पाणी बघता बघता हिरवं झालं. सहाचं तीन झालं, तो म्हणाला, म्हणजे सहा संयुजेचं क्रोमियम तीन संयुजेचं, पुष्कळ कमी घातक झालं. मग चुन्याची निवळी घातली आणि ढवळणं थांबवल्यावर करडा-हिरवा गाळ हळूहळू तळाला बसू लागला. वरचं पाणी तरीही तपासूनच सोडायचं असतं. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. भाचा पिंपावर वाकून पाहत राहिला. त्याला मी सांगितलं, आपल्या गावात वर्धा रोडला नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, १९५८ पासून, आणि तिथल्या माणसांनी आयुष्यं घालवली आहेत अशा पाण्यावर. हा धातू आपल्याला परकाही नाही; देशातलं बहुतेक सगळं क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, ओडिशात सुकिंद्याला निघतं, पण इथे जवळ भंडारा जिल्ह्यात पवनीच्या परिसरातही त्याचे साठे आहेत. शाळेत नकाशावर ठिपका काढलेला असतो. तो ठिपका इथे टाकीत नारिंगी होतो आणि पिंपात हिरवा.

सगळेच प्लेटिंगवाले असं पिंप ठेवतात असं नाही. आणि जो ठेवत नाही त्याचं पाणी कुठे जातं, हा प्रश्न रिमच्या मालकाने विचारायचा असतो. स्वस्तात क्रोम करून देणारा ती बचत कुठून काढतो, हे पाहायला हवं. मला वीतभर जखमेसाठी चार रिमांचे जुने थर ॲसिडात विरघळवायचे नव्हते. हे मी भाच्याला गाडीतच सांगितलं. तो गप्प होता, मग म्हणाला, "पण बाबा विचारतील ना." दादाला फोन मीच केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पापुद्रा अजून हलतो आहे का? दादा इंजिनियर नाही, कापडाच्या व्यापारात होता. पण चार चाकं वर्षानुवर्षं पुसणाऱ्याला नेमकं काय विचारायचं ते माहीत होतं.

काम आम्ही घरीच केलं, पोर्चमध्ये, सकाळी ऊन चढायच्या आत. उचललेला पापुद्रा ब्लेडच्या टोकाने, बाहेरून आत नाही तर आतून बाहेर, जिथे तो घट्ट धरून आहे तिथपर्यंत काढून टाकला. हे मन घट्ट करून करावं लागतं, कारण जखम मोठी होताना दिसते. पण सुटलेली कड ठेवली तर तिच्याखाली पाणी थांबणारच. मग चांगल्या क्रोमवर मास्किंग टेप लावून फक्त उघडं ॲल्युमिनियम चारशेच्या आणि मग आठशेच्या पाणकागदाने घासलं, धार बोथट होऊन बोट अडकेनासं होईपर्यंत. दगडाचे कण निघाले पाहिजेत. मग थिनरने पुसून, पूर्ण कोरडं होऊ देऊन, पारदर्शक लॅकरचे पातळ थर दिले. टेप शेवटच्या थरापूर्वी थोडी मागे सरकवली, म्हणजे लॅकर क्रोमच्या कडेवर थोडं चढून बसेल. भाच्याला ही टेप मागे घ्यायची गोष्ट आधी पटली नाही, सगळं सरळ रेषेत हवं होतं त्याला. मी त्याला सिमेंट रस्त्याचा सांधा दाखवला, आमच्याच गल्लीतला, जिथे डांबराचा भराव दोन्ही स्लॅबवर जरा पसरलेला आहे. मग त्यानेच टेप सरकवली.

राहिलेल्या क्रोमला साधं मेण. वॉशिंग सेंटरला सांगून ठेवलं आहे की चाकांना ॲसिडवालं क्लीनर लावायचं नाही. काही ठिकाणी संडास धुवायचं ॲसिड सर्रास रिमवर मारतात, त्याने क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून खालचं निकल खाल्लं जातं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. ब्रेकमधून उडणारी लोखंडाची पूड तेवढी साचू द्यायची नाही.

जवळून पाहिलं तर जखम दिसते. राखाडी चंद्रकोर आहे तिथे, आणि ती लपवायचा आम्ही प्रयत्न केलेला नाही. लॅकर उन्हाने पिवळं पडेल, दर वर्षी-दोन वर्षांनी काढून नवं द्यावं लागेल. ते काम आता भाच्याकडे आहे. मी त्याला सांगून ठेवलं आहे, पावसाळ्यात लॅकरखाली पांढरी भुकटी दिसली, कड फुगली, तर चारही रिम उतरवायच्या आणि काँटेसाला पावडर कोटिंग केलेल्या साध्या पोलादी रिम लावायच्या. हे त्याला मुळीच मान्य नाही. तीन संयुजेच्या क्रोमियमनेही प्लेटिंग होतं, झाक जराशी गडद येते एवढंच, असं तो कुठून तरी वाचून आला आहे आणि ते करणारा माणूस शोधतो आहे. सापडला तर मी त्याच्यासोबत जाऊन आधी मागचं पिंप पाहीन.